रविवारची चूल कोणी पेटवायची?

पत्र थोडक्यात असं : पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आसपासच्या. माहेर-सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं, दोन्ही घरं कित्येक पिढ्यांपासून प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. पुण्यात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत. महिन्यातले दोन-तीन रविवार ड्युटीत जातात. एखादा मोकळा मिळाला, तर सकाळी संडे स्कूल, मग उपासना, मग महिला मंडळाची मीटिंग, घरी आल्यावर मटणाचा रस्सा, भाकरी, पाहुणे आणि आठवड्याचे साठलेले कपडे. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी रविवारी चूलसुद्धा पेटत नसे. तू तर देवाच्या दिवशी पगार कमावतेस." मध्यंतरी एका रविवारी ताई नाईट करून आल्या, आडव्या झाल्या आणि उपासना चुकली. त्यानंतरच्या उपदेशात पाळकांनी रविवारी धावायला नकार देणाऱ्या धावपटू एरिक लिडलचा दाखला दिला, तो आपल्यालाच उद्देशून होता असं त्यांना वाटतं. नोकरी सोडावी का, हे नवऱ्याला विचारलं तर "तुला योग्य वाटेल ते कर". घराचे हप्ते चालू आहेत. त्यांचे प्रश्न दोन : मी चौथी आज्ञा (बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळण्याची) मोडते आहे का? आणि काही न करता नुसती बसले की मला अपराधी का वाटतं?

प्रिय ताई,

सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. नाही, तुम्ही आज्ञा मोडत नाही. (वसईकडच्या कॅथलिक वाचकांनी गोंधळू नये. त्यांच्या मोजणीत ही तिसरी, आज्ञा तीच.) शब्बाथावरून येशूचे जे वाद झाले, त्यांतले बहुतेक आजारी माणसांवरूनच झाले. वाळलेल्या हाताचा माणूस, बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून राहिलेला माणूस, जन्मांध, आणि लूकच्या तेराव्या अध्यायातली ती बाई, अठरा वर्षं कमरेत वाकलेली. तिला येशूनं सरळ उभं केलं, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी चिडला, पण बोलला लोकांना : कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा! येशूनं त्याला बैलाची आठवण करून दिली. शब्बाथ आहे म्हणून तुम्ही बैलाला दावणीलाच ठेवता, की सोडून पाण्यावर नेता?

विसाव्याच्या बाबतीत सगळ्यात कडक समजल्या गेलेल्या प्युरिटन मंडळींच्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीतही (ती १६४७ च्या सुमाराची) गरजेची आणि दयेची कामं या बंधनाबाहेर ठेवली आहेत. रुग्णालयातली तुमची ड्युटी दोन्हींत बसते. आणि पगाराचं म्हणाल, तर रविवारी काम करून पगार घेणारं माणूस तुमच्या चर्चमध्ये आणखी एक आहे. ते पुलपिटावर उभं असतं, आणि त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

एरिक लिडलचा दाखला मला आवडतो, पण तो अर्धाच सांगितला जातो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची पहिली फेरी रविवारी होती, म्हणून तो त्या शर्यतीत धावला नाही. चारशे मीटर धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला. उपदेश बहुधा इथंच संपतो. पुढे तो मिशनरी म्हणून चीनमध्ये गेला, आणि महायुद्धात जपान्यांनी त्याला इतर परदेशी लोकांबरोबर वेइशिएनच्या छावणीत डांबलं. छावणीत मुलं पुष्कळ. त्याच्याबरोबर तिथं राहिलेल्या लोकांनी सांगून ठेवलं आहे, की रविवारी मुलं आपली आपण हॉकी खेळायला लागली आणि खेळ मारामारीवर गेला, तेव्हा हाच लिडल, ज्यानं रविवारी पळायला नकार दिला होता तो, पंच म्हणून मैदानात उभा राहिला. १९४५ मध्ये त्या छावणीतच तो गेला. पळण्यातला सन्मान त्याचा स्वतःचा होता, तो त्यानं सोडला. मुलांना गरज होती, तिथं तो रविवार असूनही गेला. तुमची नाईट ड्युटी यातल्या कोणत्या बाजूला जाते, ते तुम्हीच बघा.

उपासना चुकल्याचंही मनाला फार लावून घेऊ नका. पहिली जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी हा प्रकारच ठाऊक नव्हता. रोमी साम्राज्यात तो कामाचा दिवस. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला प्लिनी नावाचा रोमी अधिकारी सम्राटाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला गीत गातात. त्यांच्यात दासही होते. अशा माणसांना दिवस त्यांचा स्वतःचा नसायचा, म्हणून पहाट. ३२१ साली कॉन्स्टंटाईननं रविवारी शहरांतली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला, आणि त्यातही शेतकऱ्यांना मोकळीक दिली.

प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातला युतुख तर तुम्हाला जवळचाच वाटेल. त्रोवस गावात, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, माडीवर सभा भरली आहे. बरेच दिवे लागलेत. दिवसभराची कामं उरकून लोक आले असणार. पौल दुसऱ्या दिवशी निघणार, म्हणून बोलतोच आहे, मध्यरात्र झाली तरी. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसलेला, त्याला गाढ झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लोक त्याला उचलतात तो मेलेला. पौल खाली उतरतो, त्याला कवटाळतो आणि सांगतो, घाबरू नका, याच्यात जीव आहे. मग सगळे पुन्हा वर जातात, भाकर मोडतात, आणि पौल पहाटेपर्यंत पुन्हा बोलतो! त्या अख्ख्या वृत्तांतात 'उपासनेत झोपलास कसा' असं त्या पोराला कोणी म्हणत नाही. नाईट करून आल्यावर तुम्ही निदान पलंगावर झोपलात.

एवढ्यावर तुमचं समाधान होईल असं मात्र मला वाटत नाही. कारण तुमच्या पत्रात मला जास्त खटकला तो ड्युटीचा रविवार नव्हे, मोकळा रविवार. तो पुन्हा वाचा. सकाळी सहापासून रात्री भांडी घासेपर्यंत त्यात तुम्ही कुठंही टेकलेल्या नाहीत. ड्युटीवर निदान चहाची वेळ असते.

ही आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते, आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलेलं आहे. निर्गममध्ये कारण सृष्टीचं : देवानं सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला. आपल्याला पाठ असतं ते हेच. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दुसरं कारण आहे : तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास, ते विसरू नकोस, आणि तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासालाही दासीलाही विसावा मिळू दे. सोबत यादी आहे, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला उपरा. म्हणजे ही आज्ञा सांगितली आहे ती घरात ज्याच्या हातात सुट्टी देणं आहे त्याला, आणि ती आहे ज्याच्या हातात ते नाही त्याच्यासाठी. दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक कर्तव्य ठेवायला ती दिलेलीच नाही. येशूचं वाक्य आपण उपदेशात शंभरदा ऐकलेलं असतं : "शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही."

आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवार मिळाला तोही याच बाजूनं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी कित्येक वर्षं मागणी लावून धरली, एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहाएक हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या, आणि १० जूनला मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. पण अनुवादातलं कारण त्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

त्या यादीत बायको नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं आहे का? अभ्यासक म्हणतात, 'तू' म्हटलं त्यात नवरा-बायको दोघंही आले. म्हणून तिचं नाव वेगळं नाही. मला ते पटतं. पण आपल्या घरांमध्ये रविवार ज्या पद्धतीनं साजरा होतो ते पाहिलं, की वाटतं, आपण ती यादी अगदी अक्षरशः पाळत आलो. सगळ्यांचा विसावा, गाढवाचासुद्धा, आणि रस्सा करायला एक जण शिल्लक. तेव्हा 'मी शब्बाथ मोडते का' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. तुमच्या घरात शब्बाथ आहे. तो सगळ्यांपर्यंत पोचतो आणि तुमच्याशी आला की थांबतो.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्यात मला दोष कमी आणि सोय जास्त दिसते. रविवारी चूल पेटत नसे म्हणतात ना? मग ते करूनच बघा, त्यांच्याच शब्दावर. त्यांना विचारा, त्या काळी शनिवारी काय करून ठेवायचे, शिळ्या भाकरीबरोबर काय खायचे, पाहुणा आला तर काय पुढं करायचे. जुन्या माणसांना असं विचारलं की ती खुलतात, आणि टोमण्याची जागा माहिती घेते. फक्त एक गोष्ट ध्यानात असू द्या. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, मिळत होता तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करावा लागे. रविवारी चूल थंड ठेवायची म्हणजे शनिवारी कोणीतरी दुप्पट राबतं, आणि तुमच्या सासूबाईंच्या काळात ते कोण राबत होतं ते त्याच सांगतील. तुमच्याकडे शनिवारी संध्याकाळी कांदा-खोबरं भाजायला, वाटण मिक्सरला लावायला आणि कपडे मशीनमध्ये टाकायला नवरा आणि मुलं आहेत. 'तुला योग्य वाटेल ते कर' असं नवरा म्हणाला. हे योग्य वाटलं म्हणून सांगा. मटण एखाद्या रविवारी नसलं तर कोणाचा विश्वास डळमळत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. घरच्यांनी काम काढून घेतलं तरी तुम्ही बसू शकाल का? तुम्ही लिहिलंय की बसलं की आतून कोणीतरी म्हणतं, 'आळशीपणा चाललाय.' हा आवाज देवाचा असावा असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतं. बायबलमध्ये विसावा मागणाऱ्यांना आळशी कोण म्हणतं, ते निर्गमच्या पाचव्या अध्यायात आहे. मोशे फारोकडे जातो : आमच्या लोकांना रानात जाऊन देवाचा सण पाळू दे. फारो विटांसाठी लागणारा पेंढा द्यायचं बंद करतो, विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो, आणि लोक गाऱ्हाणं घेऊन आले की म्हणतो, तुम्ही आळशी आहात, आळशी! दोनदा. मग मिसरातून बाहेर काढून देव त्यांच्या हातात पहिल्यांदा जे देतो, त्यात सातव्या दिवसाची सुट्टी आहे, सीनायच्या दगडी पाट्यांच्याही आधी, मान्नाबरोबर. तरी काही जण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन निघालेच. मिळालं काही नाही. मिसर सुटला होता, सवय सुटली नव्हती. नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडे पाठवलं आहे, ते मला ठाऊक आहे. कोणीतरी ते तुम्हाला ऐकवेलच. तो सल्ला बारा तासांची नाईट काढून आलेल्या बाईसाठी नाही.

विसावा कमवावा लागतो, हे आपण कुठंतरी धरून बसलेलो असतो. आधी सगळं आवरू दे, मग टेकते. पण सगळं आवरलं असं होतच नाही. उत्पत्तीत माणूस सहाव्या दिवशी घडवला जातो, आणि त्याचा पहिला पूर्ण दिवस उजाडतो तो सातवा, विसाव्याचा. बागेची मशागत त्यानंतर. तो काही कमवून विसावलेला नव्हता.

तुम्हाला हे तुमच्या कामातून जास्त लवकर कळेल. शिफ्ट संपताना तुम्ही हँडओव्हर देता : बेड तीनचा ताप उतरला नाही, बेड पाचचं ड्रेसिंग राहिलंय, सातला रक्त चढवायचंय. पेशंट बरे झालेले नसतात. कामं राहिलेली असतात. तरी तुम्ही निघता, कारण वॉर्ड दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे, आणि हँडओव्हर दिल्यावरही जी सिस्टर निघत नाही तिचा पुढच्या शिफ्टवर भरवसा नाही असंच बाकीचे समजतात. शब्बाथाचा आत्मिक अर्थ मला याहून नेमका सांगता येणार नाही. कामं राहिलेली असताना निघायचं. स्तोत्र १२१ मधला देव डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही. त्याची नाईट कायमची आहे. मत्तयमध्ये येशू म्हणतो, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." आधी ओझं टाकून या, असं म्हणत नाही. ओझ्यासकट बोलावतो.

आता करायचं काय. रविवारच हवा, हा हट्ट सोडा. पौल रोमकरांना लिहितो की कोणी एक दिवस दुसऱ्याहून अधिक मानतो, कोणी सगळे सारखे मानतो. ज्यानं त्यानं आपल्या मनाची पक्की खातरी करून घ्यावी. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी शनिवार पाळतात. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. बाकीचा गाव कामात असे. त्यावरूनच त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या हिब्रूचा आणि ग्रंथांचा धागा जवळजवळ सुटला होता, हा दिवस त्यांनी सोडला नाही. तेव्हा तुमचा ऑफ बुधवारी आला तर बुधवार धरा, आणि घरात तसं जाहीर सांगा. मनातल्या मनात ठरवलेला ऑफ पहिल्या कुकरच्या शिट्टीला संपतो.

सुरुवात आदल्या संध्याकाळी करा. बायबलमधला दिवस संध्याकाळपासून मोजला जातो, म्हणजे त्याची सुरुवातच झोपेनं होते, आणि तुमच्यासारख्या शिफ्टवाल्या बाईला ते सोयीचंच आहे. नाईटनंतरचा ऑफ असेल तर आधी झोप, पडदे ओढून, फोन दुसऱ्या खोलीत. एलिया रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे' म्हणून पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. ऊन भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. झोप झाली की मग थोडी प्रार्थना, एखादं स्तोत्र, अर्धा तास पुरे. सुरुवातीला पूर्ण दिवस जमणार नाही. तीन तास धरा, पण ते कोणाला देऊ नका. आणि मॉलमध्ये जाऊन, रांगेत उभं राहून, पिशव्या उचलून घरी येणं याला विसावा म्हणू नका. ती मजा असेल, असायलाही हरकत नाही, पण ती वेगळी.

नाताळ आणि पुनरुत्थानाच्या दिवसाचा (ईस्टरचा) ऑफ दिवाळीच्या बदल्यात आधीच ठरवून घ्या. बहुतेक वॉर्डांत असे अदलाबदलीचे व्यवहार चालतात, आणि हिंदू सहकारी खुशीनं करतात. उद्या तुम्ही इनचार्ज झालात आणि ड्युटी लिस्ट तुमच्या हातात आली, तर आया-मावशींचे ऑफ कापले जात नाहीत ना, ते बघा. त्या यादीतली 'तुझी दासी' वॉर्डात त्याच आहेत.

एक व्यवहाराचं. नीट झोप होऊनही थकवा जात नसेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. दुसऱ्यांचे रिपोर्ट रोज वाचणाऱ्या नर्सनं स्वतःचा शेवटचा कधी काढला, हे तिला बऱ्याचदा आठवत नसतं. मन सतत उदास असेल तर प्रार्थनाही करा आणि डॉक्टरांनाही भेटा.

नोकरी या कारणासाठी सोडू नका. दुसरी कारणं असतील तर तो वेगळा हिशेब. आज्ञेच्या नावावर नोकरी सोडून घरी बसलात, तर सातही दिवस घरच्यांचा रविवार होईल आणि तुमचा एकही नाही.

राहता राहिलं संडे स्कूल आणि महिला मंडळ. दोन्हींपैकी एक सोडा. मुलं आवडत असतील तर संडे स्कूल ठेवा, मंडळाची चिटणिसी कोणाला तरी द्या. वर्ष मध्येच असेल तर नाताळपर्यंत निभवा, आणि जानेवारीत पाळकांना स्पष्ट सांगा. बहुधा ते म्हणतील, "ताई, तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही." तेव्हा मंडळीतल्या निवृत्त शिक्षिकांची नावं तयार ठेवा. मागच्या बाकांवर दोन-तीन तरी असतात, आणि बहुतेक वेळा त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.